मुलाला सांभाळायला येणाऱ्या बाईंचं कोर्टातलं रेकॉर्ड कुठे आणि कसं बघायचं?

पत्र : आम्ही पश्चिम टेक्सासमधल्या एका लहान गावात राहतो. नवरा डॉक्टर आहे. जे-वन वेव्हरवर (शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट) इथल्या हॉस्पिटलात तीन वर्षं काढायची आहेत, त्यातलं एक झालं. माझी नोकरी घरून चालते. मुलगा १४ महिन्यांचा आहे. सासूबाई सहा महिने होत्या, त्या पुढच्या महिन्यात नाशिकला परत जातील. चांगलं डे-केअर ४० मैलांवर. शेजारणीनं एक बाई सुचवल्या. पन्नाशी उलटलेल्या, मायाळू आहेत, बाळ पहिल्याच दिवशी त्यांच्या कडेवर गेलं. पण रात्री मी एका वेबसाइटवर २९ डॉलर भरून त्यांचं नाव टाकलं, तर ‘फेलनी रेकॉर्ड : १’ (म्हणजे गंभीर गुन्ह्याची नोंद) आणि शेजारच्या काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं नाव, एवढंच आलं. नवरा म्हणतो, विषय संपला. मला मात्र झोप लागत नाही. खरं रेकॉर्ड कुठे बघायचं? आम्ही व्हिसावर असताना कोर्टात जाऊन असं विचारलं तर काही अडचण येईल का? आणि त्यांना कळलं तर?

उत्तर :

व्हिसाचं आधी सांगते, नाहीतर त्या काळजीत बाकीचं काही डोक्यात शिरणार नाही. व्हिसावर असताना कोर्टातलं रेकॉर्ड बघायला काहीही अडचण नाही. अमेरिकेत फौजदारी खटल्यांचे कागद कोर्टानं किंवा कायद्यानं बंद केलेले नसतील तर कुणालाही बघता येतात. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्ड लागत नाही. तुम्ही कुणावर केस करत नाही की साक्षीला उभ्या राहत नाही, खिडकीवर जाऊन एक नोंद बघताय. ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणून पाय अडखळतो, ते मला ठाऊक आहे. पण टेक्सासमधल्या गावाचं कोर्टहाउस हे आपल्या तहसील कचेरीसारखं असतं. लग्नाचं लायसन्स, जमिनीची खरेदीखतं, गाडीचं रजिस्ट्रेशन ही कामं त्याच इमारतीत नाहीतर तिच्या आसपास होतात. तुमच्या गाडीच्या नंबरप्लेटसाठी कदाचित तुम्ही तिथे जाऊनही आला असाल.

आता ती २९ डॉलरची वेबसाइट. अशा साइट्स जुन्या याद्या विकत घेतात आणि नावावरून माणसं जुळवतात. ‘१’ हा आकडा म्हणजे त्या बाईंना शिक्षा झाली असं नाही. ती नुसती अटक असेल, खटला काढून टाकला गेला असेल, किंवा ती बाई दुसरीच असेल. शिवाय अशा साइट्सच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही माहिती नोकरीवर ठेवण्याच्या निर्णयासाठी वापरू नये. तुम्ही नेमकं तेच करायला निघाला होता. म्हणून तुमच्या नवऱ्याला माझं सांगणं आहे की विषय अजून सुरूच झालेला नाही. पण त्या २९ डॉलरात तुमच्या हाती एक उपयोगी गोष्ट आली, ती म्हणजे काउंटीचं नाव.

हे महत्त्वाचं आहे, कारण खटला गुन्हा जिथे घडला त्या काउंटीत चालतो आणि त्याचे कागद तिथेच राहतात. माणूस आज कुठे राहतो याच्याशी त्याचा संबंध नाही. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं दप्तर वेगळं. तुम्ही राहता त्या काउंटीच्या खिडकीवर ‘काही नाही’ हे उत्तर मिळालं, तर त्याचा अर्थ ‘या काउंटीत काही नाही’ एवढाच.

दुसरी गोष्ट, खिडकी कुठली. टेक्सासमध्ये फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हे, डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात आणि त्यांचं दप्तर डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतं. त्याखालचे मिसडिमीनर, म्हणजे क्लास ए आणि बी, बहुतेक ठिकाणी काउंटी कोर्टात चालतात आणि त्यांचे कागद काउंटी क्लार्ककडे. लोक इथेच चुकतात. काउंटी क्लार्कच्या वेबसाइटवर नाव टाकतात, काही येत नाही, आणि निश्चिंत होतात. फार लहान काउंटीत दोन्ही पदं एकाच माणसाकडे असू शकतात, मग पाटी ‘काउंटी अँड डिस्ट्रिक्ट क्लार्क’ अशी दिसते. तसं असेल तर तुमची एक चक्कर वाचली. दोन वेगळे असतील तर दोघांकडे विचारा, कारण फेलनी म्हणून पकडलेलं प्रकरण तडजोडीत मिसडिमीनरवर येऊन मिटलेलं असू शकतं.

बऱ्याच काउंट्यांनी आपली यादी इंटरनेटवर टाकली आहे, पण ग्रामीण भागात ती ठरावीक वर्षाच्या पुढचीच असते. त्याआधीचं सगळं कपाटात, मायक्रोफिल्मवर किंवा जाडजूड इंडेक्स वह्यांमध्ये. पन्नाशीच्या बाईंची तरुणपणातली केस असेल तर ती याच जुन्या भागात असण्याची शक्यता जास्त. म्हणून स्क्रीनवर काही आलं नाही तर फोन उचला.

फोनवर ‘त्या बाई कशा आहेत’ असं विचारू नका, ते कुणी सांगणार नाही आणि सांगूही नये. सरळ म्हणा की मला डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या क्रिमिनल इंडेक्समध्ये एका नावाचा शोध हवा आहे, अमुक सालापासून आजपर्यंत. तुमचा इंडेक्स कॉम्प्युटरवर कुठल्या सालापासून आहे, त्याआधीचं कोण बघून देतं, शोधाची फी किती, झेरॉक्सचे पानामागे किती, पैसे कसे घेता, आणि जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद असते का? शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण दोन-तीन माणसांच्या ऑफिसात दुपारी कुलूप असतं, आणि तुम्ही बाळ घेऊन तासभर गाडी चालवून जाणार आहात. जाणं शक्यच नसेल तर पत्रानंही काम होतं. नाव, जन्मतारीख, कुठली वर्षं, एवढं लिहून, फीची मनीऑर्डर आणि स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत पाठवायचं. मात्र त्यात दोन आठवडे सहज जातात.

नाव कुठलं द्यायचं, यावर सगळं अवलंबून आहे. इथल्या बायकांचं आडनाव लग्नागणिक बदलू शकतं, आणि १९९५ सालच्या केसमध्ये १९९५ सालचंच आडनाव असणार. त्यामुळे माहेरचं, आधीच्या लग्नाचं, आत्ताचं, अशी सगळी आडनावं, मधलं नाव आणि जन्मतारीख हवी. ती चोरून मिळवायची नाही, त्यांनाच विचारायची आहेत. त्याबद्दल पुढे लिहिते.

नुसत्या नावावर विसंबलं की काय होतं, ते मी स्वतः पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गॅरेजवरच्या खोलीसाठी एक भाडेकरू आला होता. चांगला मुलगा, पंचविशीचा. त्याचं नाव मी डिस्ट्रिक्ट क्लार्कच्या ऑफिसातल्या लोकांसाठी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर टाकलं आणि घरफोडीची केस समोर आली. मी तिथूनच नवऱ्याला फोन करून ‘नाही म्हणून सांग’ म्हटलं. खिडकीमागच्या बाईंनी माझा चेहरा पाहिला असावा. त्या बाहेर आल्या आणि स्क्रीनवरच्या जन्मतारखेवर पेन्सिल टेकवून त्यांनी मला दाखवलं. त्या तारखेचा माणूस पन्नाशीचा होता. मुलाच्या वडिलांचंही तेच नाव, अक्षर न् अक्षर. इथे बापाचं नाव जसंच्या तसं मुलाला द्यायची पद्धत आहे, पुढे फक्त ‘ज्युनियर’ लागतं, आणि यादीत ते कधी लागतं, कधी लागत नाही. त्या पोराला बापाच्या नावापायी मी घर नाकारणार होते. तेव्हापासून जन्मतारीख जुळल्याशिवाय मी पुढची ओळ वाचत नाही.

समजा, नाव जुळलं, जन्मतारीख जुळली. नोंदीसमोर एक कॉज नंबर, म्हणजे केसचा क्रमांक असेल, तो लिहून घ्या. आणि आता थांबू नका, कारण बहुतेक लोक इथेच थांबतात. तो नंबर खिडकीवर द्या आणि फाइल मागा.

फाइलमध्ये वरवर घाबरवणारा कागद असतो तो इंडाइटमेंट, म्हणजे ग्रँड ज्युरीनं (खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं) ठेवलेला आरोप. त्याची भाषा भयंकर असते. ती आरोपाची भाषा आहे हे मनाला बजावत पुढे जा. तुम्हाला हवा आहे तो शेवट : जजमेंट, किंवा डिसमिसलचा आदेश, किंवा ‘डिफर्ड ॲज्युडिकेशन’चा आदेश. जजमेंटवर गुन्ह्याचं नाव, त्याची डिग्री (गंभीरपणाची पायरी), गुन्ह्याची तारीख, आरोपीनं काय कबूल केलं आणि शिक्षा किती, हे सगळं एकाच ठिकाणी मिळतं. टेक्सासमधल्या फेलनीच्या जजमेंटवर आरोपीच्या अंगठ्याचा ठसाही असतो, आपल्याकडे जुन्या खरेदीखतांवर असायचा तसा. डिसमिसल म्हणजे केस काढून टाकली. डिफर्डचा अर्थ नीट समजून घ्या. आरोपीनं गुन्हा कबूल केलेला असतो किंवा ‘नो कॉन्टेस्ट’, म्हणजे ‘मी आरोपाला विरोध करत नाही’ असं म्हटलेलं असतं, पण न्यायाधीश दोषी ठरवणं पुढे ढकलतात आणि प्रोबेशन, म्हणजे अटींसह देखरेखीचा काळ देतात. ते धडपणे पार पडलं की केस काढून टाकली जाते आणि दोषसिद्धीची नोंद होत नाही. प्रोबेशन मोडलं असेल तर फाइलमध्ये सरकारी वकिलांचा अर्ज दिसेल, ‘मोशन टू रिव्होक’ किंवा ‘मोशन टू ॲज्युडिकेट’ असा. तो आहे की नाही ते आवर्जून बघा, कारण गुन्ह्यानंतरची वर्षं त्या व्यक्तीनं कशी काढली, ते त्यावरून कळतं. या दोन-तीन पानांच्या झेरॉक्स घ्या, पानामागे साधारण डॉलरभर पडतो. सर्टिफाइड कॉपीची तुम्हाला गरज नाही.

डिग्रीबद्दल थोडं. कॅपिटल फेलनी सगळ्यांत वर, मग फर्स्ट, सेकंड, थर्ड, आणि सगळ्यांत खाली ‘स्टेट जेल फेलनी’, जिची शिक्षा १८० दिवस ते २ वर्षं. ही खालची पायरी १९९४ सालापासून आली. एक ग्रॅमपेक्षा कमी कोकेन बाळगणं तिच्यात येतं. चोरीचंही बघा. २०१५च्या सप्टेंबरपर्यंत १,५०० डॉलरची चोरी टेक्सासमध्ये फेलनी होती, त्यानंतर ती मर्यादा २,५०० डॉलरवर गेली. आणि खात्यात पैसे नसताना दिलेले चेक हेही तिथे चोरीच्या कलमाखाली येऊ शकतात. म्हणजे तिशीतल्या एखाद्या बाईनं १९९८ साली किराण्याचे, भाड्याचे न वटणारे चेक दिले असतील, त्यांची बेरीज सोळाशे डॉलर झाली असेल, तर तुमच्या वेबसाइटवर आज जे दिसतंय तेच दिसेल : ‘फेलनी : १’. मी असं म्हणत नाही की तुमच्या बाबतीत हेच झालं आहे. पण त्या एका शब्दाच्या पोटात किती वेगवेगळी आयुष्यं मावतात, ते फाइल वाचल्याशिवाय दिसत नाही.

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगते. मुलाला इजा केल्याचा गुन्हा असेल, मारहाणीचा असेल, तर कितीही जुना असला तरी तुमच्या १४ महिन्यांच्या बाळासाठी ‘नाही’ म्हणा आणि त्याबद्दल मनाला खाऊ नका. दारू पिऊन गाडी चालवल्याची तिसरी केस टेक्सासमध्ये फेलनी होते, आणि गाडीत १५ वर्षांखालचं मूल असेल तर पहिलीच. तुमच्या गावात डॉक्टरकडे जायचं तरी गाडी लागते, तेव्हा त्या बाईंनी बाळाला घेऊन गाडी चालवायची आहे का, हा प्रश्न तिथे येतो. मी अशा बाबतीत चालवू देणार नाही.

रिकाम्या हातानं परत आलात तरी त्याचे अर्थ अनेक. माणसाला फेलनीसाठी अटक झाली पण ग्रँड ज्युरीनं खटला भरण्याइतपत काही नाही असं ठरवलं, तर डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे त्याची केस उभीच राहिलेली नसते. अटक अगदी अलीकडची असेल तरी तेच, लहान काउंटीत ग्रँड ज्युरी रोज बसत नाही. कोर्टानं नोंद खोडायचा किंवा उघड न करायचा आदेश दिला असेल तर क्लार्क ती दाखवणार नाहीत, आणि मग तुम्हीही ती इतर वाटांनी उकरून काढू नये असं मला मनापासून वाटतं. न्यायाधीशांनी विचार करूनच तो दरवाजा लावलेला असतो.

काउंटीच्या पलीकडची ठिकाणं थोडक्यात. टेक्सासच्या डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टीच्या वेबसाइटवर खातं उघडून थोड्या पैशांत राज्यभरातल्या दोषसिद्धी आणि डिफर्डच्या नोंदी नावावरून शोधता येतात. काउंट्यांनी जे कळवलं तेच तिथे असतं, म्हणून तिचा उपयोग ‘आणखी कुठल्या काउंटीत जायचं’ हे कळण्यापुरता धरा. लैंगिक गुन्हेगारांची राज्याची आणि देशाची, दोन्ही नोंदवह्या फुकट बघता येतात; त्या आजच बघा, पाच मिनिटांचं काम आहे. फेडरल गुन्हे काउंटीच्या दप्तरात नसतातच, ते पेसर नावाच्या फेडरल कोर्टांच्या साइटवर सापडतात. तिथे पानाला १० सेंट पडतात आणि तीन महिन्यांत ३० डॉलरच्या आत राहिलात तर काहीच भरावं लागत नाही. बाई आधी ओक्लाहोमात किंवा न्यू मेक्सिकोत राहिलेल्या असतील तर तिथल्या राज्याच्या कोर्टांच्या साइटवर घरबसल्या बरंच दिसतं.

तुम्ही स्वतः जाऊन कागद बघण्यात कायद्याची आडकाठी नाही. पण पैसे देऊन एखाद्या बॅकग्राउंड चेकच्या कंपनीकडून नोकरीसाठी रिपोर्ट मागवणार असाल तर १९७० सालचा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट लागू होतो. मग आधी त्या बाईंना वेगळ्या कागदावर तसं लेखी कळवायचं, त्यांची लेखी परवानगी घ्यायची, आणि त्या रिपोर्टवरून ‘नको’ म्हणायचं असेल तर म्हणण्याआधी रिपोर्टची प्रत आणि त्यांच्या हक्कांचा कागद त्यांच्या हातात द्यायचा. घरकामाला माणूस ठेवतोय, आम्हाला कसला कायदा, असं समजू नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ‘त्यांना कळलं तर?’ त्यांना तुमच्याकडूनच, आणि कोर्टात जाण्याच्या आधी कळू द्या. दोन हजार वस्तीच्या गावात खिडकीमागची बाई त्यांच्या चर्चमधली असू शकते, कदाचित नातेवाईकही, आणि तुम्ही नाव उच्चारलंत की संध्याकाळपर्यंत ते पोहोचेल. त्याहून मोठं कारण असं की रोज आठ तास तुमच्या घरात, तुमच्या बाळासोबत राहणाऱ्या माणसाशी नात्याची सुरुवात पाठीमागून चौकशी करून होऊ नये. त्यांना चहाला बोलवा आणि साध्या शब्दांत सांगा : आमचं इथे कुणी नाही, मूल पहिलं आहे, म्हणून जो कुणी येईल त्याचं कोर्टाचं रेकॉर्ड आम्ही बघणार आहोत. तुमची आधीची आडनावं, जन्मतारीख आणि कुठल्या कुठल्या काउंटीत राहिलात, ते द्याल का? आणि आम्हाला काही सापडणार असेल तर ते तुमच्या तोंडून ऐकायला आवडेल.

मग गप्प बसा, त्यांना वेळ द्या. ज्यांची केस खरी आहे आणि मागे पडली आहे, ती माणसं बहुधा स्वतःच सगळं सांगतात. कुणी कुणी तर ड्रॉवरमधून जुना कागद काढून आणतात. त्यांनी सांगितलेलं आणि फाइलमधलं जुळतं का ते बघा. माझ्या लेखी याचं वजन गुन्ह्याच्या नावापेक्षा फार कमी नाही. त्यांना स्वतःला खात्रीचं काही दाखवायचं असेल तर बोटांचे ठसे देऊन आपलं स्वतःचं राज्याचं रेकॉर्ड मागवण्याची सोयही आहे. त्यात नावाचा घोळ राहत नाही. त्याची फी तुम्ही भरा.

फोन सोमवारीच करा, कारण पत्रानं कागद मागवावे लागले तर दोन आठवडे त्यात गेले. कागद समाधानकारक निघाले तर सासूबाईंच्या विमानाआधीचे निदान आठ दिवस त्या बाईंना रोज घरी येऊ द्या. भरवणं, झोपवणं, रडं शांत करणं त्यांनीच करायचं, सासूबाईंनी नुसतं तिथे बसायचं. रात्री सासूबाईंना विचारा, काय वाटतं. आणि नवऱ्यालाही त्या वेळी शेजारी बसवा.